टायर मिळाले, कॉम्प्रेसर मिळाला, हुक मिळेना

फॉर्च्युनर किंवा एंडेव्हरच्या वर्गातली सात आसनी फोर बाय फोर जवळजवळ कंपनीतून आली तशीच ठेवून मुळशी, वेल्हे, मावळातल्या कच्च्या वाटांवर न्यायची, तर फार काही करावं लागत नाही. गाडी उंच करणारं लिफ्ट किट नको, इंजिनाला छताच्या उंचीवरून हवा देणारा स्नॉर्कल नको. कंपनीच्याच मापाचे (माझ्या गाडीला २६५/६० आर १८) ए/टी (ऑल-टेरेन, डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) टायर, बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि हवा मोजायचं गेज घ्या. दाराखालच्या पायऱ्या बोल्ट काढून घरी ठेवा, कारण दगडावर सगळ्यात आधी त्याच टेकतात. एवढं सगळं बाजारात सहज मिळतं. मला छळलं ते गाडी ओढून काढायच्या हुकनं.

दोन-सव्वादोन टनांची रिकामी गाडी माणसं आणि सामान धरून अडीच टनांच्या वर जाते. ती अ‍ॅक्सलपर्यंत चिखलात रुतली की चिखल खालून धरून ठेवतो आणि ओढायला गाडीच्या वजनाइतका, कधी त्याहूनही जास्त जोर लागतो. हा सगळा जोर ज्या एका जागेवर येतो ती जागा चासीलाच बोल्टांनी बांधलेली हवी. गाडीखाली झोपून बघितलं तर हुकसारख्या दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी सापडतात. पातळ पत्र्याची कडी असेल तर ती ट्रकवर किंवा जहाजात गाडी बांधून ठेवण्यासाठी असते आणि खालच्या दिशेच्या ताणासाठी बनवलेली असते. बंपरमधल्या झाकणामागे आटे असतील तर तिथे टूलकिटमधली कडी बसते. बंद पडलेली गाडी सपाट डांबरावरून सरळ रेषेत हळू न्यायला ती पुरते. चिखलातून तिरक्या झटक्यानं ओढलं की ती वाकते किंवा आट्यांपाशी तुटते.

अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात हुक मागितला की काउंटरवर दोन वस्तू येतात. एक लाल रंगाचा चकचकीत हुक, जो बंपरच्या पत्र्याला बारीक बोल्टांनी लागतो. दुसरा मागच्या बाजूचा, ट्रेलर जोडायचा गोल बॉल. ‘पाच टन ओढतो’ असं छातीठोक सांगतात. कशावर लिहिलंय, बोल्ट कुठल्या ग्रेडचे, चासीच्या कुठल्या भोकांत बसतात, यातलं काही विचारलं की उत्तर ‘सगळे हेच लावतात’. त्या बॉलला दोर अडकवून झटका दिला आणि बॉल मानेतून तुटला, तर तो दोराबरोबर समोरच्या गाडीच्या काचेतून आत येतो. अशा तुटलेल्या बॉलनं जगभरात माणसं मेली आहेत. ही वस्तू रुतलेली गाडी ओढायची म्हणून विकणं मला आजही सहन होत नाही.

दुकानदाराचा पुढचा सल्ला असतो लोखंडी बंपर. तोही नको. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं बुलबारवर, म्हणजे अशाच पुढच्या लोखंडी बंपरवर, कारवाई करायला राज्यांना कळवलेलं आहे. शिवाय पुढचा भाग ताठ झाला की टकरीत चिरडून जोर शोषायचं त्याचं काम बिघडतं आणि एअरबॅगच्या वेळेचं गणितही.

मग राहतो एकच मार्ग, म्हणजे आपल्याच मॉडेलच्या चासीतल्या मूळ भोकांवर बसणारा, क्षमता कोरलेला रिकव्हरी पॉइंट (रुतलेली गाडी ओढायची कडी). तो सहसा ऑर्डर करून मागवावा लागतो, आणि त्याची वाट बघण्यात माझा जीव मेटाकुटीला आला. घाई झाली म्हणून कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे जाऊ नका. चासीवर वेल्डिंग केलं की त्या जागेचं पोलाद उष्णतेनं बदलतं आणि तडा तिथूनच सुरू होतो. माल हातात आला की बघायचं: जाड प्लेट, १०.९ ग्रेडचे बोल्ट, एका पॉइंटला किमान दोन, आणि पुढे डावा-उजवा असे दोन पॉइंट. दोघांमध्ये ब्रायडल पट्टा (दोन्ही पॉइंटना जोडणारा, मधून ओढायचा) टाकला की जोर चासीच्या दोन्ही बाजूंवर वाटला जातो. बोल्ट टॉर्क रेंचनंच (ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं) आवळायचे, पाना मारून अंदाजानं नाही. मागे चासीला लागलेला चौकोनी हिच रिसीव्हर असेल तर बॉलची दांडी काढून तिथे शॅकल ब्लॉक, म्हणजे शॅकल (पिनेनं बंद होणारी यू आकाराची कडी) धरणारा ठोकळा, सरकवा. मागचं काम झालं.

दोर घेताना ओढायचा साधा पट्टा आणि कायनेटिक दोर यांत गल्लत नको. नायलॉनचा कायनेटिक दोर ताणला जातो आणि झटका मुरवतो. ९ मीटर लांब, २२ ते २५ मिलिमीटर जाड, तुटण्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या तिप्पट, म्हणजे किमान ८ टन. साखळी किंवा वायररोपनं झटका कधीच द्यायचा नाही. लोखंडी बो शॅकल १९ मिलिमीटरचा, ४.७५ टन सुरक्षित कार्यभाराचा (तुटण्याची क्षमता त्याहून बरीच जास्त असते). पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्या, नाहीतर ताणानंतर ती निघत नाही. दोराचा सॉफ्ट शॅकल मिळाला तर तोच घ्या, तुटला तरी लोखंड उडत नाही. दोरावर मधोमध ओलं पोतं टाका आणि बघ्यांना दोराच्या दीडपट अंतरावर पिटाळा.

ओढण्याआधी फावडं. चाकांपुढचा आणि डिफखालचा (डिफ म्हणजे डिफरन्शियल, दोन चाकांमधला गिअरचा गोळा) चिखल काढला की बराच जोर वाचतो.

हो, हवेचं राहिलं. कच्च्या वाटेवर २० ते २२ पीएसआय, रुतल्यावर १५ ते १८. त्याखाली टायर रिमवरून सुटू शकतो. हवा कमी असताना वेग ३०-४० च्या आत ठेवा आणि डांबर लागलं की भरा. कॉम्प्रेसरच्या वायरी थेट बॅटरीला लावा, सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज उडतो.

जांभ्याच्या कडा टायरची बगल कापतात. तिथे प्लग चालत नाही, म्हणून स्टेपनी पूर्ण मापाची हवी. ती गाडीखाली लटकते आणि तिची साखळी चिखलानं जाम होते, त्यामुळे निघण्याआधी एकदा उतरवून बघा.

गाडी थांबवून, न्यूट्रलला घेऊनच एल फोर (फोर बाय फोरचा हळू, जास्त जोराचा गिअर) टाका, आणि कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावू नका, ट्रान्समिशन आखडतं. दोन तिरकी चाकं अधांतरी फिरू लागली की पाय उचलायचा मोह होतो. तसं करू नका. ट्रॅक्शन कंट्रोलला फिरणाऱ्या चाकावर ब्रेक लावायला क्षणभर वेळ लागतो, तोवर अ‍ॅक्सिलरेटर स्थिर धरा. मोठा दगड पोटाखाली घेण्यापेक्षा त्यावर चाक चढवा. मागचा अ‍ॅक्सल अखंड असतो, त्याचा डिफ चाकाबरोबरच वर उचलला जातो. काळ्या मातीत मात्र ए/टी टायरच्या खाचाही भरून गुळगुळीत होतात. पाऊस पडून गेला असेल तर अशा वाटेवर जाऊच नका.

राखीव वनात परवानगीशिवाय गाडी घालायची नाही, आणि भातखाचरांचे बांध मोडायचे नाहीत.

ओढा ओलांडण्याआधी चालत जाऊन खोली बघा आणि डिफ निवू द्या. तापलेला डिफ गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (डिफची हवा ये-जा करायची नळी) किंवा सीलमधून पाणी ओढलं जातं. परत आल्यावर डिफचं तेल थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं तर लगेच बदला.