आयबी डिप्लोमा : निम्मी लढाई परीक्षेच्या आधीच

आयबी डिप्लोमा, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा अकरावी-बारावीच्या पातळीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, पूर्ण केल्यानंतर माझं मत पक्कं झालं आहे. शेवटच्या लेखी परीक्षेइतकंच महत्त्व त्याआधी सादर केलेल्या कामाला आहे, आणि ते काम बिघडतं ते बहुतेक वेळा प्रश्न फार मोठा घेतल्यामुळे.

आधी गुणांचा हिशोब. सहा विषय, प्रत्येकाला कमाल ७, म्हणजे ४२. एक्स्टेंडेड एसे (स्वतः निवडलेल्या प्रश्नावरचा दीर्घ संशोधन-निबंध) आणि टीओके (थिअरी ऑफ नॉलेज, म्हणजे ज्ञान कसं मिळतं याचा विचार करणारा विषय) यांच्या श्रेणी एकत्र धरून जास्तीत जास्त ३. एकूण ४५, आणि उत्तीर्ण होण्यासाठी किमान २४. पण नुसते २४ पुरत नाहीत. विषय हायर (जास्त सखोल) आणि स्टँडर्ड अशा दोन पातळ्यांवर घेतात, आणि तीन हायर लेव्हल विषयांची बेरीज किमान १२ आणि तीन स्टँडर्ड लेव्हलची किमान ९ लागते. समजा, हायर लेव्हलला ५, ३, ३ आणि स्टँडर्डला ६, ६, ५ मिळाले. बेरीज २८ होते, तरी डिप्लोमा मिळत नाही, कारण हायर लेव्हलचे ११च झाले. कुठल्याही विषयात १ मिळाला किंवा एसे व टीओके यांपैकी एकातही 'ई' ही सगळ्यात खालची श्रेणी आली, तरी तोच निकाल.

म्हणून हायर लेव्हलचे विषय निवडताना आवड आणि झेप दोन्ही बघा. हायर लेव्हलला अध्यापनाचे २४० तास धरलेले असतात, स्टँडर्डला १५०. पहिल्या वर्षात हायरवरून स्टँडर्डला येणं जमतं. उलटं जाणं फार जड पडतं, कारण मधला सुटलेला भाग एकट्याने भरून काढावा लागतो. गणितात दोन अभ्यासक्रम आहेत : अ‍ॅनालिसिस अँड अप्रोचेस आणि अ‍ॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन. अभियांत्रिकीसाठी बऱ्याच विद्यापीठांना पहिलाच हवा असतो, तोही हायर लेव्हलला. ज्या अभ्यासक्रमांना अर्ज करायचा आहे त्यांच्या अटी विषय ठरवण्याआधी वाचा. नंतर वाचून काही बदलता येत नाही. दोन शास्त्र विषय हवे असतील तर कला गटातल्या विषयाऐवजी दुसरं शास्त्र घेता येतं. मातृभाषा शाळेत शिकवत नसतील, तर तिचं साहित्य स्वयंअध्ययनाने घेण्याची सोय आहे, मात्र ती फक्त स्टँडर्ड लेव्हलला.

आता इंटर्नल असेसमेंट, म्हणजे सगळ्यांच्या बोलण्यातलं 'आयए' : प्रत्येक विषयात परीक्षेआधी शाळेतच करून सादर करायचं काम. शास्त्र विषयात त्याला अंतिम गुणांपैकी २० टक्के वजन आहे आणि अहवालाची मर्यादा ३,००० शब्द. जीवशास्त्राचं एक उदाहरण घेतो. 'तापमानाचा विकरांवर परिणाम' हा प्रश्न नाही, तो पाठ्यपुस्तकातला धडा आहे. '२०, ३०, ४०, ५० आणि ६० अंश सेल्सिअसला बटाट्याच्या अर्कातलं कॅटलेज हे विकर (एन्झाइम) हायड्रोजन पेरॉक्साइडपासून पहिल्या दोन मिनिटांत किती ऑक्सिजन मोकळा करतं' हा प्रश्न झाला. पाच तापमानं आणि प्रत्येकी पाच वाचनं घेतली की सरासरी, प्रमाण विचलन आणि आलेखावरच्या त्रुटी-रेषा यांना अर्थ येतो.

हा प्रयोग फसतो तो ठरलेल्या जागी. अर्क आणि पेरॉक्साइड वेगवेगळं न तापवता मिसळल्यानंतर गरम केले, तर त्या तापमानाला पोचण्याआधीच अभिक्रिया सुरू होते. बूच लावेपर्यंत पहिला वायू निसटतो, आणि नेमका तोच भाग सगळ्यात वेगाचा असतो. अर्क ठेवून दिला तर विकराची क्षमता घटते, म्हणून आज निम्मी आणि आठवड्याने निम्मी वाचनं घेतली की फरक तापमानाचा की अर्काच्या वयाचा, हे सांगता येत नाही. पेरॉक्साइडसुद्धा आपोआप विघटित होतं, उष्णतेने जास्तच. त्यामुळे प्रत्येक तापमानाला विकर न घालता एक नियंत्रण-वाचन हवंच. मूल्यमापनाच्या भागात 'मानवी चूक झाली असावी' असं लिहून गुण मिळत नाहीत. कोणत्या त्रुटीने वाचन कोणत्या दिशेला आणि साधारण किती सरकलं, हे लिहिलं की मिळतात.

गणिताचं एक्स्प्लोरेशन, म्हणजे गणिताचं आयए, साधारण १२ ते २० पानांचं आणि २० गुणांचं असतं. त्यातले फक्त ६ गुण गणिताच्या वापराला आहेत. बाकीचे मांडणी, गणिती भाषा, स्वतःचा सहभाग आणि चिंतन यांना. विद्यापीठाच्या पातळीचं गणित उचलून आणणाऱ्यांची दमछाक इथेच होते. जे पूर्ण समजावून सांगता येत नाही, ते वापरल्याचा फायदा नाही. अभ्यासक्रमाच्या पातळीचं गणित घ्या आणि ते तुमच्या प्रश्नाला का लागू पडतं, हे टप्प्याटप्प्याने दाखवा.

एक्स्टेंडेड एसेची मर्यादा ४,००० शब्द. त्यापुढचं परीक्षक वाचत नाही, म्हणजे निष्कर्ष ४,२०० व्या शब्दावर असला तर तो लिहिलाच नाही असं समजा. मार्गदर्शकाबरोबर तीन औपचारिक चर्चा होतात, शेवटची तोंडी मुलाखतीसारखी. चिंतनाचे ५०० शब्द वेगळे लिहायचे असतात आणि त्यांनाही गुण असतात, म्हणून प्रत्येक चर्चेनंतर लगेच टिपणं काढा. प्रश्न का बदलला, कुठलं साधन का टाकलं, हे नंतर आठवून खरं लिहिता येत नाही. माझा आग्रह असा, की पहिला पूर्ण मसुदा दुसरं वर्ष सुरू होण्याआधी तयार हवा. कारण दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत आयए, टीओकेचा निबंध आणि विद्यापीठांचे अर्ज एकाच वेळी अंगावर येतात.

टीओकेच्या प्रदर्शनात ३५ ठरलेल्या प्रश्नांपैकी एक निवडून तीन वस्तू मांडायच्या, ९५० शब्दांत. वस्तू खरी आणि ठराविक हवी : 'नकाशा' नको, अमुक वर्षी अमुक कामासाठी छापलेला नकाशा हवा. निबंधाला १,६०० शब्द आणि सहा दिलेल्या शीर्षकांपैकी एक. शीर्षकातला शब्दही बदलायचा नाही. एसे आणि टीओके या दोन्हींत 'बी' आली तर २ गुण, एकात 'ए' आणि दुसऱ्यात 'बी' आली तर ३.

कॅस या अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांच्या भागाला गुण नाहीत, पण ते अपुरं राहिलं तर डिप्लोमा अडतो. सर्जनशीलता, शारीरिक क्रिया आणि सेवा हे सगळं साधारण १८ महिने सलग चालायला हवं, आणि किमान एक महिन्याचा एक सामूहिक प्रकल्पही करावा लागतो. नोंदी दर आठवड्याला करा.

प्रेडिक्टेड ग्रेड, म्हणजे अंतिम निकालाचा अंदाज, शिक्षक देतात, आणि विद्यापीठं सशर्त प्रवेश बरेचदा त्यावरच देतात. या ग्रेड पहिल्या वर्षातल्या चाचण्यांवरून बऱ्याच अंशी ठरत असल्याने 'पहिलं वर्ष सवयीचं' हा समज महागात पडतो.

लेखी परीक्षेसाठी जुन्या प्रश्नपत्रिकांबरोबर त्यांची गुणदान योजना वाचा. प्रश्नातल्या 'डिस्क्राइब' (वर्णन करा), 'एक्स्प्लेन' (कारणांसह सांगा) आणि 'इव्हॅल्युएट' (मूल्यमापन करा) या शब्दांची उत्तरं वेगळी असतात. 'इव्हॅल्युएट'ला दोन्ही बाजू आणि निर्णय नसेल तर वरचे गुण बंद. निकालानंतर फेरतपासणी मागता येते, पण ग्रेड वाढते तशी घटूही शकते. पुढच्या ग्रेडच्या सीमेपासून किती दूर आहात, हे शाळेच्या समन्वयकाकडून आधी समजून घ्या. अंतर एक-दोन गुणांचं असेल आणि विद्यापीठाची मुदत शिल्लक असेल, तरच अर्ज करा.