गव्हाणीत ठेवलेलं बाळ

डिसेंबर लागला की माझी नुसती धावपळ सुरू होते, खरेदी, पाहुणे, साफसफाई, आणि या सगळ्यात प्रभूसाठी पाच मिनिटं शांत बसणं काही होत नाही. काल रात्री मात्र सगळे झोपल्यावर बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा २ रा अध्याय उघडला आणि ७ व्या वचनावरच अडकले. मरीयेने बाळ येशूला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं कारण उतारशाळेत जागा नव्हती. हे कितीतरी वेळा वाचलंय पण काल पहिल्यांदा ती गव्हाणी डोळ्यासमोर आली, गुरांनी चाटून चाटून गुळगुळीत झालेली, कोपऱ्यात ओला चारा, आणि त्यात नुकतंच जन्मलेलं लेकरू! देवाला राजवाडा मिळाला नसता का? पण तो तिथे आला.

आणि बातमी आधी कोणाला, तर रात्रभर कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. त्यांना खूण काय दिली, तर हीच गव्हाणी. राजवाडा असता तर त्यांना दारातूनच हाकललं असतं ना, गव्हाणीपाशी कोणीही जाऊ शकतं.

बायबलमधे येशूच्या जन्माची २५ डिसेंबर ही तारीख कुठेच नाही, त्यावरून लोक वाद घालतात, मला त्यात रस नाही. मत्तयने त्याच्या शुभवर्तमानात येशूचं सांगितलेलं नाव मला पुरेसं आहे, इम्मानुएल, म्हणजे आम्हांबरोबर देव. काल तेच नाव घेऊन प्रार्थना केली, खूप रडले, आणि ज्या बहिणीशी वर्षभर अबोला होता तिला सकाळी उठून फोन लावला.