कवट्या, मे महिना आणि काळी माती: माझा कन्व्हर्जनचा अनुभव

वॉरहॅमर, म्हणजे छोट्या मॉडेलच्या फौजा जोडून-रंगवून टेबलावर लढवायचा खेळ, तो खेळणाऱ्याला कवट्यांचा एवढा सोस का, हे न खेळणाऱ्याला समजावत बसण्यात अर्थ नाही, मी तो नाद सोडलाय. 1987 ला वॉरहॅमर 40,000 आलं तेव्हापासून या खेळात चिलखतावर कवटी, झेंड्यावर कवटी, बंदुकीवर कवटी, जागा दिसली की कवटी असाच कारभार आहे. त्यात माझी फौज खॉर्नवाल्यांची, म्हणजे ज्या देवाचं सिंहासनच कवट्यांच्या ढिगावर आहे त्याचे भक्त, मग माझ्या सरदाराच्या पायाखाली नुसती वाळू असून कसं चालेल. म्हणून हे कन्व्हर्जन, म्हणजे तयार मॉडेलमध्ये स्वतःचे फेरफार.

हा खेळ काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीचा सिटाडेल स्कल्स नावाचा एक बॉक्स आहे, 2017 ला आलेला, त्यात 340 कवट्या निघतात. माणसांच्या सगळ्यात जास्त, त्यात काही अख्ख्या, काही फुटक्या, काही खालचा जबडा नसलेल्या, शिवाय ऑर्क म्हणजे खेळातल्या राक्षसी जमातीच्या आणि जनावरांच्या वगैरे. जळगावात हे मिळायचं काही कारणच नाही, पुण्याच्या मित्राने त्याच्या ऑर्डरमध्ये घालून मागवला आणि कुरिअर केला. बॉक्स उघडल्यावर आई बघायला आली, आईचं माहेर अमळनेरकडचं त्यामुळे आश्चर्य वाटलं की अहिराणीच बाहेर पडते, "हाई काय शे रे भो?" म्हटलं कवट्या, प्लास्टिकच्या. त्यावर ती काहीच बोलली नाही, नुसती बघत राहिली, आणि आमच्या घरात बोलणं खाल्ल्यापेक्षा हे जास्त वाईट असतं.

आता कामाचं सांगतो. माणसाची कवटी या स्केलला चार-पाच मिलिमीटरची भरते, बोटाच्या चिमटीत धरली की दिसतच नाही. म्हणून स्प्रूवरून (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात ती) सगळ्या एकदम कापून डबीत भरू नका, लागेल तेवढीच कापा आणि मोल्ड लाईन (साच्याच्या सांध्याची उठलेली रेघ) स्प्रूवर असतानाच खरवडून घ्या, कटरच्या पात्याची धार उलटी करून हलक्या हाताने. मोल्ड लाईन बहुतेक कवट्यांना कपाळावरून किंवा बाजूने गेलेली असते आणि ड्रायब्रश (जवळपास कोरड्या ब्रशने उठावावर रंग घासणं) मारला की नेमकी तीच चमकते. बारीक कानशी आणि हातात धरून फिरवायचा छोटा ड्रिल मला सराफ बाजाराच्या मागे सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्या दुकानात मिळाला. हॉबीच्या नावाखाली तोच ड्रिल ऑनलाइन बघितला तर किंमत वेगळीच. जळगावात राहून सोन्याचा मला झालेला एवढाच उपयोग.

गोंदाबद्दल. हे प्लास्टिक पॉलिस्टायरिन, त्याला प्लास्टिक सिमेंटच पाहिजे, ते दोन्ही भाग थोडे विरघळवून एकजीव करतं. फेविक्विकनेही चिकटतं पण धक्का लागला की टचकन निघतं. आमच्याकडे पाईपांचा धंदा जोरात, त्यामुळे शेजारच्या काकांकडे पीव्हीसीचं सोल्युशन होतं, ते मी स्प्रूच्या टाकाऊ तुकड्यावर लावून बघितलं. विरघळतं तर झकास, पण इतकं दाट आणि तारा सुटणारं की कवटीचे दात, नाकाचं भोक सगळं बुजून जाईल. पाईपाचं पाईपालाच राहू द्यावं.

खरं सांगायचं तर कवटी रंगवणं पोरखेळ आहे, डोकं लागतं ते बसवायला. बेसवर (मॉडेलच्या पायाखालची चकती) वाळूच्या वर कवटी नुसती चिकटवली ना, की ती चिकटवलेलीच दिसते, कितीही भारी रंगवा. ती जमिनीत गेलेली पाहिजे. मी कटरने कवटी उभी कापून दोन भाग करतो, चेहऱ्याचा भाग एका बेसवर आकाशाकडे तोंड करून आणि मागचा गोल भाग दुसऱ्या बेसवर पालथा, म्हणजे एका कवटीत दोन कामं होतात आणि उंचीही निम्मी होते. दुसरं म्हणजे जबडा. माणसाचा खालचा जबडा कवटीला हाडाने जोडलेला नसतोच, स्नायू आणि लिगामेंटवर लटकलेला असतो, ते कुजलं की जबडा सुटणार. म्हणून जुन्या मेलेल्यांच्या कवट्या बिनजबड्याच्या घ्यायच्या आणि सरदाराच्या कमरेला लटकलेली ताजी शिकार असेल ती जबड्यासकट. हे कोणी बघत नाही म्हणतात पण बघणाऱ्याला कुठेतरी पटतं की हे बरोबर दिसतंय.

सरदारासाठी एक ऑर्कची मोठी कवटी घेतली, तिला खालून एक मिलिमीटरचं भोक पाडलं, पेपर क्लिपचा तुकडा घातला आणि पाठीवरच्या भाल्यासारख्या दांड्यावर चढवली. कमरेला तीन माणसांच्या कवट्या, त्या इमिटेशन ज्वेलरीच्या दुकानातल्या एकदम बारीक चेनने बांधल्या. चेन लोंबली पाहिजे, ताणलेली नको, त्यासाठी एक टोक चिकटवायचं, मिनिएचर उभा धरायचा, चेन आपल्या वजनाने खाली येऊ द्यायची आणि मग दुसरं टोक. कवट्या मात्र कमरेच्या चिलखताला मागून चिकटवलेल्याच आहेत, चेन फक्त दिखाऊ. तीनच का, तर मी पाच लावून बघितल्या होत्या ब्लू टॅकने (परत काढता येणारी चिकट पुटी), तेव्हा तो सरदार कमी आणि कवट्यांचा फेरीवाला जास्त वाटायला लागला.

मग प्रायमर, म्हणजे रंगाच्या आधीचा स्प्रेचा थर, आणि इथे खान्देश आडवा येतो. मे महिन्यात पारा 44-45 ला टेकलेला असतो, अशात दुपारी गच्चीवर स्प्रे मारला तर रंग हवेतच अर्धा सुकतो आणि मॉडेलवर भुकटी होऊन बसतो, हात फिरवला तर पॉलिश पेपर. कवटीच्या दातांची वाट लागते. त्यामुळे पहाटे, वारा सुटायच्या आत, मॉडेल आणि डबा दोन्ही रात्रभर घरात थंडाव्याला ठेवलेले. घरात कूलरसमोर तर अजिबात नको, तिथली हवा ओली असते. ब्रशने रंगवायला मात्र कूलर चालू असलेली खोली बरी, नाहीतर पॅलेटवरचा थेंब ब्रश बुडवेपर्यंत साल धरतो. रंग ओला ठेवणारी वेट पॅलेट बाहेरून आणायची गरज नाही, झाकणाचा चपटा डबा, त्यात भिजवलेले टिश्यू आणि वरून बेकिंगचा कागद, झालं.

हाडाचा रंग मी कॅमलिनच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये बनवतो, पांढरा जास्त, त्यात यलो ऑकर आणि बर्न्ट अंबरचा किंचित बोट, पातळ करून दोन हात. तो सुकला की ब्राऊन वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग. सिटाडेलचा अ‍ॅग्रॅक्स अर्थशेड असेल तर उत्तमच, पण तो सगळ्या ढिगावर ओतायला जीव होत नाही, ढिगाला मी बर्न्ट अंबर खूप पाण्यात आणि भांड्याच्या साबणाचा अगदी थेंब घालून वापरतो, साबणाने पाणी खाचेत पळतं. उन्हाळ्यात वॉशची कड लवकर धरते आणि कपाळावर डाग राहतो म्हणून चार-पाच कवट्यांनाच लावायचा, कोरड्या ब्रशने कपाळावरचा जास्तीचा टिपायचा, मग पुढच्या. त्यानंतर ड्रायब्रश, यासाठी मेकअपचा गोल मऊ ब्रश जगात भारी (ताईचा नाही, स्वतःचा विकत घेतलाय, कृपया गैरसमज नको). टिश्यूवर पुसून पुसून रंग संपला असं वाटलं की तेव्हा तो तयार होतो. शेवटी डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकात गडद तपकिरी, काळा नको, काळ्याने कार्टून दिसतं.

बेसला मी तयार टेक्स्चर पेस्ट घेतच नाही. मामाच्या शेतातली काळी माती आणली, तापीकाठची, ओढणीच्या कापडातून चाळली, पाणी आणि थोडा फेविकॉल घालून जाडसर लिंपली आणि ओली असतानाच कवट्या त्यात दाबल्या. एका दुपारीत ती सुकते आणि शेताला उन्हाळ्यात पडतात तशाच भेगा बेसवर पडतात, कारण मातीच ती. फेविकॉल जास्त झाला तर भेगा पडत नाहीत, कमी झाला तर पापुद्रे सुटतात, ते हातालाच कळत जातं. भेगा पडल्या की वरून पातळ फेविकॉलचं पाणी ड्रॉपरने सोडायचं म्हणजे पक्कं. तीच चाळलेली माती पाण्यात कालवून कवटीच्या खालच्या कडेला लावली, वर उन्हाने पांढरी आणि खाली मातीत मुरलेली, हा फरक दिसला ना की ढीग खरा वाटतो.

मध्येच श्रावण लागला. कानबाई, आमची खान्देशातली देवी, बसायच्या आधी आमच्याकडे घर धुवून पुसून काढतात, तेव्हा आईने एवढंच सांगितलं की रोट (कानबाईचा नैवेद्य) होईपर्यंत ती मुंडकी घरात दिसायला नकोत. वाद घालण्यात राम नव्हता, सगळा पसारा खोक्यात भरून मित्राच्या मोबाईल रिपेअरच्या दुकानात नेला, तिथे त्याचा भिंगवाला दिवा आणि पातळ चिमटे मिळाले तर काम उलट पटापट झालं. सरदाराच्या कवट्यांच्या दातांवरच्या उभ्या रेघा तिथेच मारल्या. गिऱ्हाईक मोबाईल टाकायला यायचं आणि विचारायचं हे काय रिपेअर करताय.

मॅट व्हार्निश अजून राहिलंय, पावसाळी हवेत स्प्रे मारला तर पांढरी धुरी धरते म्हणून ऑक्टोबरपर्यंत हात लावत नाही. तोवर माणसांच्या कवट्या संपत आल्यात आणि ऑर्कच्या मोठ्या बऱ्याच पडून आहेत. जळगाव, भुसावळ, धुळे कुठेही कोणी ऑर्कवाला असेल तर अदलाबदल करू, मला शिंगवाली शिरस्त्राणं पाहिजेत.