देवबागची मधली विहीर

पत्र दोन ओळींचं होतं. वाडीतल्या मधल्या विहिरीचं पाणी एप्रिलपासून खारट झालंय, तपासणी व्हावी. भूजल सर्वेक्षणाच्या कामात अशी पत्रं उन्हाळ्यात येतातच. पण गाव देवबाग होतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी निघाले.

मालवणहून तारकर्ली ओलांडली की जमीन निमुळती होत जाते. उजवीकडे समुद्र, डावीकडे कर्लीची खाडी आणि मधे माडांची, घरांची एक वाळूची पट्टी. काही घरांच्या पुढच्या अंगणात लाटांचा आवाज येतो आणि परसात होडी बांधलेली असते. टोकाला संगम, पलीकडे भोगवे. सुट्टीत इथे येणारा माणूस पाण्याकडे बघतो. मी विहिरींचे काठ मोजत चालले होते.

सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, समुद्र आत आला. मला ते पटेना. समुद्र बाजूने आत शिरला असता तर किनाऱ्याकडच्या विहिरी आधी बिघडल्या असत्या. समुद्राला सगळ्यात जवळची विहीर एका काकींची. रहाट, काथ्याचा दोर, काठावर तुळस. त्यांच्या पाण्यात ईसी मीटर, म्हणजे पाण्याचा खारटपणा दाखवणारं यंत्र, बुडवला तर आकडा आला 430; आकडा जितका मोठा, तितकं पाणी खारट. उत्तम पाणी. तिथून साठ पावलं आत, मधल्या विहिरीत वरच्या थरात 2,100 आणि तळाशी 5,200. साधारण 3,000 च्या वर गेलं की पिण्याच्या पाण्याची शेवटची मर्यादाही संपते.

तळाचं पाणी वरच्यापेक्षा इतकं खारट, म्हणजे मीठ बाजूने आलेलं नव्हतं. ते खालून वर चढत होतं.

काकी माझ्या मागोमाग आल्या होत्या. म्हणाल्या, "बाय, किल्ल्यातल्या बावींचां पाणी गोडां, मगे आमचांच कित्याक खारां झालां?" सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. चारी बाजूंनी समुद्र आणि आत गोडं पाणी, हे लोकांना देवाचं देणं वाटतं. मी त्यांना सांगितलं, ते देणं पावसाचं. तुमच्या वाळूतही तेच आहे. वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, वाळूत मुरतो आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहतो. समुद्राच्या पातळीच्या वर गोडं पाणी एक फूट असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडं असतं. आणि वरची पातळी एक फूट खाली ओढली, की खालचं खारं पाणी तितक्याच पटीने वर येऊ बघतं.

मग मी विचारलं, जवळ बोअर कुणाची आहे?

कुणी बोललं नाही. थोड्या वेळाने एक तरुण मुलगा पुढे आला. चार खोल्या, पर्यटकांसाठी. दिवाळीत चाळीस फूट बोअर मारली, तेव्हा पाणी गोडं लागलं होतं. पावसाळा नुकताच सरला होता, लागणारच. सुट्ट्यांत पंप दिवसरात्र चालला. आता तो स्वतःही पिण्यासाठी बाटल्या विकत आणत होता. मला त्याच्यावर रागावता आलं नाही. कर्ज काढून उभं केलेलं घर होतं ते. पंप लावून देणाऱ्याने त्याला पाण्याबद्दल एक शब्द सांगितला नव्हता, याचा मात्र राग आला. अजूनही येतो.

सकाळी दहाला त्याने पंप बंद केला. मला संध्याकाळपर्यंत थांबायचंच होतं. दुपारी ओहोटी लागल्यावर तो मुलगा म्हणाला, "मॅडम, बेटावर चला, तिथलंपण बघा." संगमाजवळचा तो वाळूचा उंचवटा, ज्याला सगळे सुनामी बेट म्हणतात. होडीतून उतरून मी वाळूत हातभर खड्डा केला. आत पाणी पाझरलं, मीटर बुडवला आणि त्याने आकडा दाखवणंच सोडलं. वाळू समोरच्या गावासारखीच दिसते. पण भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या एवढ्याशा वाळूत पाऊस साठणार कुठे? तो मुलगा बराच वेळ त्या खड्ड्याकडे बघत होता. मग मान वर करून त्याने पलीकडच्या माडांकडे पाहिलं. मी काही बोलले नाही.

परतलो तेव्हा सहा वाजले होते. मधल्या विहिरीच्या तळाचा आकडा 5,050. आठ तासांत एवढाच फरक. मी त्याला खरं तेच सांगितलं, वर चढलेलं मीठ लवकर उतरत नाही, एखाददुसरा पावसाळा जाईल. बोअर बंद ठेवायची, उथळ विहिरीतून थोडं थोडं, वरवरचं पाणी घ्यायचं, आणि छपराचं पावसाचं पाणी वाळूत सोडायचं. खोल्यांचं काय, असं त्याने विचारलं. पाणी मोजून चालवाव्या लागतील, म्हणाले. त्याचा चेहरा उतरला.

नमुन्याच्या बाटल्यांवर तारीख लिहीत होते, तेवढ्यात रहाटाचा आवाज आला. काकी पाणी काढत होत्या. "सासू सांगायची, बावीचो तळ दिसासर उपसू नको," त्या दोर सोडता सोडता म्हणाल्या. दोन कळश्या भरल्या आणि त्या मुलाला हाक मारली.

"ने रे. आईक सांग, उद्या सकाळीपण येऊन भर."