युकुलेलेवरचा बी-फ्लॅट आणि माझे चार महिने

चार महिने मी युकुलेलेवरच्या एकाच कॉर्डपाशी, म्हणजे एकत्र छेडायच्या सुरांच्या एका जुळणीपाशी, अडकले होते. दोष माझ्या बोटांचा नव्हता, हे कळल्यापासून डोक्यातला राग काही जात नाही, म्हणून लिहिते.

बालवाडीत पेटी घेऊन बसलं की पोरांमध्ये फिरता येत नाही, म्हणून युकुलेले घेतलं, गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य. सोप्रानो, म्हणजे नेहमीच्या आकारांत सगळ्यांत लहान, अठराशे रुपयांचं. सी, एफ, ए मायनर, जी सेव्हन पंधरा दिवसांत बसले. पण माझा आवाज लागतो पांढरी चारला. पांढरी चार म्हणजे एफ, आणि एफमध्ये मध्यमावरचा कॉर्ड म्हणजे बी-फ्लॅट. दर दोन ओळींनी तो येतोच.

युकुलेलेच्या चार तारा जी, सी, ई, ए; मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. या कॉर्डला तर्जनी पहिल्या फ्रेटवर आडवी, मधलं बोट सी तारेवर दुसऱ्या फ्रेटवर, अनामिका जी तारेवर तिसऱ्या फ्रेटवर. ए तार नुसती ठक्क वाजायची. जोर लावून ती स्वच्छ वाजवली की शेजारची ई मुकी व्हायची. अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. क्लासमधले सर म्हणायचे, "मॅडम, बोटांत ताकद नाही. रियाज वाढवा." वाढवला. रोज रात्री ओटा आवरून पाऊण तास. तर्जनीवर तारांचे दोन वळ सकाळपर्यंत दिसायचे. मग सल्ला मिळाला, पट्टी बदला, सीमध्ये वाजवा, तिथे हाच कॉर्ड साधा एफ होतो. होतो खरा, पण पांढरी एकला खालचे सूर माझ्या गळ्यातून निघतच नाहीत.

एका रात्री कंटाळून तोच आकार दोन फ्रेट पुढे सरकवला आणि छेडला. चारही तारा स्वच्छ वाजल्या. हात तोच, बोटं तीच. मग ताकद कुठून आली? सरांना दाखवलं तर म्हणाले, "पुढे सोपंच जातं." ते खोटं नाही. वाळत घालायची दोरी खांबाजवळ दाबली तर जड लागते, मधे दाबली तर सहज वाकते, तसंच हे. पण म्हणून दोन फ्रेटांत जमीन-अस्मानाचा फरक पडावा?

शेवटी युकुलेले पिशवीत घालून मिरजेला गेले. तिथे तंबोऱ्यांची जवारी काढण्यात, म्हणजे घोडी घासून तारांचा नाद जुळवण्यात, आयुष्य घालवलेली माणसं आहेत. युकुलेले त्यांचं वाद्य नाही, तरी एका कारागिरांनी ते हातात घेतलं, तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली, डोळा मानेच्या रेषेत आणला आणि म्हणाले, "ताई, इथं बघा." पहिल्या फ्रेटच्या वर तार इतकी उंच होती की व्हिजिटिंग कार्ड दुहेरी करून आत गेलं. तिथे साध्या कागदाएवढी फट पुरते. मानेच्या टोकाला जो नट असतो, तारा ज्याच्या खाचांतून जातात तो तुकडा, त्याच्या खाचा कारखान्यात पुरत्या खोल केलेल्याच नव्हत्या. मी चार महिने त्या फटीशी झगडत होते.

त्यांनी बारीक कानशीने एकेक खाच चारदोन हात घासली, तार सुरात आणली, बघितलं, परत घासली. घाई अजिबात नाही, कारण खाच जास्त खोल गेली की तार पहिल्या फ्रेटवर झणझणते. अर्ध्या तासात काम झालं. तिथेच बी-फ्लॅट लावला. वाजला! डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

नट नीट असेल तर पुढचं शिकण्यासारखं आहे. या कॉर्डला तर्जनी चारही तारांवर दाबायची गरजच नाही, ई आणि ए एवढ्या दोनच पुरतात. मला आधी चारही दाबायला शिकवलं होतं. बोट सपाट न ठेवता अंगठ्याकडच्या हाडाळ कडेवर किंचित कलतं करा. पेराची घडी तारेखाली आली तर तार मुकी होते, मग बोट थोडं वर-खाली सरकवायचं. फ्रेटच्या अगदी लगत दाबायचं. अनामिका जमत नसेल तर जी तार मोकळी सोडा, तोही सुरेल कॉर्ड आहे आणि गाणं अडत नाही. मी आठवडाभर तसंच वाजवलं.

आणि हे खरं तर सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं: दुकानातच तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्यावरची फट बघा. विकणारा काहीही म्हणो.

आमच्या क्लासमधला सातवीतला एक मुलगा याच कॉर्डवर कंटाळून दिवाळीनंतर यायचा बंद झाला. त्याचं युकुलेले मी घेतलं त्याच दुकानातलं. काल त्याच्या आईला फोन केला. रविवारी ती त्याला घेऊन येणार आहे. व्हिजिटिंग कार्ड पर्समध्ये जपून ठेवलंय.