भरली की सुटली

काल ऑफिस सुटायला आणि पाऊस यायला एकच गाठ पडली. स्टेजवर पोचले (नैरोबीत बसस्टॉपला स्टेज म्हणतात), तर सकाळी 'हमसिनी, हमसिनी' ओरडणारा कंडक्टर आता 'मिया' म्हणत होता. हमसिनी म्हणजे पन्नास, मिया म्हणजे शंभर. पाऊस आला की मटाटूचं भाडं वाढलंच म्हणून समजा. हुज्जत घालत बसलं तर गाडी भरून जाते आणि आपण भिजत उभे.

मटाटू म्हणजे आपलं वडापच, फक्त रंगरंगोटी आणि गाण्यांचा दणका गणपतीच्या मिरवणुकीतला.

आई फोनवर विचारते, 'अगं, तिथे तुला वाट कशी सापडते?' मोबाइलवर सापडते. पण ती तिथे आली कशी, याची गोष्ट झकास आहे. गाड्या खासगी मालकांच्या, त्यामुळे कुठली गाडी कुठून जाते आणि कुठे थांबते याचा धड नकाशा कुणाकडेच नव्हता. मग 2012 च्या सुमारास नैरोबी विद्यापीठातली मुलं मोबाइल घेऊन मटाटूत बसली. जीपीएस चालू ठेवायचं, गाडी थांबली की स्टेजचं नाव टिपायचं. असे 130 च्या आसपास मार्ग त्यांनी पालथे घातले. जोडीला अमेरिकेतल्या एमआयटी आणि कोलंबिया या संस्था होत्या. प्रकल्पाचं नाव 'डिजिटल मटाटूज'. 2014 मध्ये रंगीत रेघांचा नकाशा छापला गेला, सगळा डेटा कुणालाही फुकट वापरता येईल असा खुला केला, आणि 2015 मध्ये तो गूगल मॅप्सवर आला.

मधे एक गंमत झाली. बसची माहिती जगभर जीटीएफएस नावाच्या साच्यात भरतात आणि तो साचा वेळापत्रक मागतो. मटाटूला कुठलं आलंय वेळापत्रक? भरली की सुटली. हात केला तिथे थांबली. शेवटी गाडीला शिस्त लावायच्या फंदात न पडता प्रकल्पातल्या मंडळींनी साचाच थोडा सैल करून घेतला. मला तर नकाशापेक्षा हेच जास्त आवडलं.

स्टेजची नावंही लोकांच्या तोंडची. ओडियन नावाचं स्टेज तिथल्या जुन्या थिएटरवरून पडलं. टॉकीज गेली तरी नाव राहतं, हे गिरगाव-ग्रँट रोडच्या मंडळींना मी काय सांगणार?

अर्थात मोबाइलला पावसाचा भाव कळत नाही, आणि रातोरात हललेलं स्टेजही. गेल्या महिन्यात निळा ठिपका जिथे 'पोचलात' म्हणाला तिथे पत्र्याचं कुंपण होतं. शेजारी एक मामा, म्हणजे इथली मावशी, कोळशावर कणसं भाजत होती. 46 नंबर कुठे, विचारलं. तिने हातातल्या पुठ्ठ्याने आधी निखाऱ्यांना वारा घातला, मग तोच पुठ्ठा रस्त्यापलीकडे दाखवला. कणीस घ्यावंच लागलं.