टेबलावर न टेकणारा हात

आज शेजारच्या आजोबांना हॉस्पिटलात नेऊन आणलं. मँचेस्टरला येऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून त्यांचा उजवा हात अर्धवट मिटलेलाच बघतेय. अनामिका आणि करंगळी तळव्याकडे वळलेल्या. हात टेबलावर पालथा ठेवला तर खालून पेन सरकेल एवढी फट! थंडीत हातमोजा घालताना करंगळी अडकायची आणि आजोबा तिला शिव्या घालायचे.

डुप्युट्रेन म्हणतात याला. तळव्याच्या कातडीखालचा पडदा जाड होतो, त्याची दोरी होते नि ती बोटं ओढून धरते. उत्तर युरोपातल्या लोकांत जास्त. मार्गारेट थॅचरबाईंनाही होता.

मला वाटलं, ऑपरेशन म्हणजे आता दिवसभर बसा. कसलं काय! भूल फक्त तळव्यापुरती. सुईच्या टोकाने ती दोरी जागोजागी तोडली आणि डॉक्टरांनी बोट ताणून सरळ केलं. "कट्कन आवाज आला," सांगताना आजोबा मिशीतल्या मिशीत हसत होते. टाका एकही नाही, नुसत्या पट्ट्या. काही वर्षांत परत वळू शकतं, हेही डॉक्टरांनी आधीच सांगितलंय.

दारात त्यांनी हात पुढे केला. करंगळी पहिल्यांदाच मध्ये आली नाही. चहाचा मग मात्र डाव्या हातानेच उचलला. सवय!